पुस्तकवेलचा फोन

गुलाम रसूल मुलांचं कच्चेपण विकतो, असं महादेवीनं मला सांगितलं तेव्हा मी हातातला खडू खाली ठेवला.

महादेवी निलंग्याची. मुलीच्या शिक्षणासाठी लातूरला खोली करून राहिली होती आणि क्लासच्या पोरांचे डबे करायची. मुलगी मंजुश्री डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती. संध्याकाळी ती माझ्याकडे यायची. माझ्याकडे म्हणजे गुलाम रसूलच्या पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत. निवृत्तीनंतर मी तिथे मुलांना अडलेलं समजावून सांगत बसतो. फी नाही, दारावर पाटी नाही. मूल नेमकं कुठे अडलंय हे शोधण्यात मला अजूनही फार गोडी वाटते.

तर महादेवीला फोन येत होते. ‘आम्ही पुस्तकवेल कंपनीकडून बोलतोय, तुमच्या मुलीचं अमुक प्रकरण कच्चं आहे, आमची खास बॅच लावा.’ आणि दर वेळी प्रकरण बरोबर निघायचं. बाकीच्या आयांनाही असेच फोन आले होते. दोन पोरांनी येणं बंदही केलं होतं.

“पोरीनं घरात मलाबी सांगितलं नव्हतं, गुरुजी,” महादेवी म्हणाली. “तुम्हाला विचारलं, आन् भाईंच्या दुकानातून त्याचं पुस्तक नेलं. तुम्ही तर सांगणार न्हाई. मग राहिलं कोण? ह्याचा छडा लागस्तोवर मी काय तिला इथं पाठवायची न्हाई.”

मी तिच्याकडे थोडे दिवस मागितले; तोवर पोरगी येत राहील, एवढं तिनं कबूल केलं.

खरं सांगायचं तर शंका मलाही चाटून गेली. लातुरात कुठल्या पोराचं काय कच्चं आहे हे पुस्तकवाल्याला सगळ्यात आधी कळतं. एकाच विषयाचं दुसरं पुस्तक मागायला पोरगं आलं, की पहिलं डोक्यावरून गेलं हे त्यानं ओळखायचं. गुलाम रसूलचा तर त्यात हातखंडा होता. पण हल्ली दुकानात पोरं कमी येऊ लागली होती. पुस्तकं टॅबलेटवर आली होती. पुस्तकवेल आणि ज्ञानपेटी अशा दोन बड्या कंपन्या त्यासाठी एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. लातूरचे क्लास पुस्तकवेलनं धरले, नांदेडचे ज्ञानपेटीनं. हदगावचा एक मुलगा नांदेडचा क्लास सोडून इकडे आला, तर त्याची विकत घेतलेली सगळी पुस्तकं इथल्या टॅबलेटवर उघडेनात. बापानं नांदेडला जाऊन विचारलं, तर म्हणे पुस्तकं तुमचीच आहेत, फक्त आमच्या पेटीत आहेत.

दोन्ही कंपन्यांची माणसं गुलाम रसूलच्या दुकानात येऊन चहा पीत. एका आठवड्यात दारावर ज्ञानपेटीचा कागद दिसायचा, पुढच्या आठवड्यात त्याच जागी पुस्तकवेलचा. मी विचारलं, तर तो म्हणाला, “लावून राहिलो झालं, गुरुजी. दोघं भांडतेत, आपल्याला चहा फुकट.” तेव्हा मी हसलो होतो. आता ते हसणं मला आठवत राहिलं.

आमची ओळख भूकंपातली. औसा तालुक्यातली माझी शाळा पडली, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरवू लागलो. गुलाम रसूल तेव्हा तरुण बाइंडर होता. ढिगाऱ्यातून निघालेली पुस्तकं पोत्यात भरून न्यायचा, पुठ्ठे बांधून परत आणायचा. कुणी सांगितलं नव्हतं. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे जिवावर येत होतं. पण न घ्यावा, तर दुसरं कुणी दिसत नव्हतं.

वर्गात कोण कुणाचं पाहून लिहितो हे शोधायची माझी एक जुनी रीत आहे. प्रत्येकाला थोडा वेगळा प्रश्न द्यायचा. चूक कुठून कुठे गेली ते आपोआप दिसतं. मी मंजुश्रीला विश्वासात घेतलं. तिला जेनेटिक्स उत्तम येत होतं. म्हटलं, क्लासच्या टॅबलेटवर रोज तेच प्रकरण उघडायचं, त्यावरच रेंगाळायचं, सराव-प्रश्नांची उत्तरं मुद्दाम चुकवायची. ती म्हणाली, “सर, टॅबलेट थोडाच बघतोय?” मलाही तसंच वाटत होतं. पण मित्रावर आरोप ठेवण्याआधी दुसरी वाट तपासली नाही, असं व्हायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन सहज बोलावं तसं म्हणालो, “गुलामभाई, मंजुश्रीचं ऑप्टिक्स फार कच्चं आहे हो. आरसे आणि भिंगं काही डोक्यात शिरत नाहीत तिच्या.” ऑप्टिक्सही तिला चांगलं येत होतं. फोनवर ऑप्टिक्स आलं की समजायचं, बातमी दुकानातून गेली.

गुलाम रसूल उठला. वरच्या फळीवरून त्यानं एक जुनं पुस्तक काढलं, फडक्यानं पुसलं. गल्ल्यातून स्वतःचं भिंग काढलं. पितळी दांडीच्या त्या भिंगाशिवाय त्याला बारीक छपाई वाचता येत नसे.

“लेकराला हातात देऊन शिकवा,” तो म्हणाला. “डोळ्यानं दिसलं की डोक्यात शिरतंय.”

एवढी तत्परता कशासाठी? भिंग आणि पुस्तक मंजुश्रीला देताना मी मनात तेच घोळवत होतो. तो पूर्वीपासूनच तसा होता. पण संशय आला की माणसाचा चांगुलपणासुद्धा आपण दोनदा उलटापालटा करून पाहतो.

त्याच आठवड्यात तो मला म्हणाला, की आमच्या जेबाची ऑरगॅनिक केमिस्ट्री लई कच्ची हाय, जरा बघा. जेबा त्याची नात, मंजुश्रीच्याच क्लासला जाणारी. मी तिला घेऊन बसलो, तर पोरीनं माझे प्रश्न फटाफट सोडवले. अवघड दिले, तेही सोडवले. मी विचारलं, “अगं, तुला अडतंय कुठे?” तर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “दादाजींनी बस म्हटलं म्हणून बसले.”

नातीबद्दल हा माणूस माझ्याशी खोटं का बोलला? घरी जाताना मी गंजगोलाईच्या गोल बाजाराला उगाच एक वळसा घातला. ज्याला लपवायचं असतं तो माणूस असंच काहीतरी बोलून समोरच्याला दुसऱ्या कामाला लावतो, असंही मनात आलं. त्या दिवसापासून आम्ही चहा एकत्र प्यायचो, पण बोलणं पावसापाण्याचं.

आणि एका दुपारी महादेवी डब्यांची पिशवी तशीच हातात घेऊन दुकानात आली. मी आणि गुलाम रसूल दोघंही तिथेच होतो.

“फोन आला, गुरुजी.”

“कशाचा?”

“फोनवरची बाई जेनेटिक म्हनत होती. पोरगी तिथंच रोज अडखळतीया, रोज चुकतीया म्हनली.”

मी गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसलो. मोठं ओझं उतरलं होतं, आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. टॅबलेटच सांगत होता. कुठलं पान किती वेळ उघडं राहिलं, कुठे बोट थांबलं, सगळं. मी महादेवीला ते समजावून सांगितलं. मग गुलाम रसूलकडे वळून सगळं कबूल करावं म्हणून तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला.

“ठाऊक हाय, गुरुजी. भिंग मला पहिल्याच दिवशी परत आलं. मंजुश्री म्हणली, चाचा, मला ऑप्टिक्स येतंय, तुम्हाला वाचायला लागंल हे. मग मी समजलो, कशासाठी सांगितलं ते.”

“तरी बोलला नाहीत?”

“मी कसा बोलू? जेबाचं ऑरगॅनिक मीबी उगंच सांगितलं होतं तुम्हाला.”

मला क्षणभर कळेना. मग त्यानं सांगितलं. जेबासाठीही फोन येत होते. पुस्तकवेलच्या माणसानं मला एक टॅबलेट सप्रेम भेट दिला होता, हे त्याला माहीत होतं. पेशींची रंगीत चित्रं बघायला मिळतील म्हणून मी तो घेतला होता. त्याला वाटलं, पोरं ज्याच्याजवळ मन मोकळं करतात तो माणूस एकच, आणि त्यालाच कंपनीची भेट.

“मग फोन कशाचा आला?” मी विचारलं.

“थर्मोडायनॅमिक्स. पोरगी खरंच अडली होती तिथं. तुम्हाला ठाऊकच नव्हतं. परवा आला, तवा सुटलो मी.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तुमचा फोन यायचा होता की,” तो म्हणाला. “तुमची परीक्षा मधीच कशाला मोडू?”

महादेवी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी म्हणाली, “एकाच शाळेत शिकल्यावानी दिसता तुम्ही दोघं,” आणि पिशवी खाली ठेवून पहिल्यांदा हसली. आम्हाला हसायला जरा वेळ लागला.

टॅबलेट फेकून देता येत नव्हते. क्लासच्या परीक्षा त्याच्यावरच व्हायच्या. ज्ञानपेटीकडे जावं, तर ती तरी डोळे मिटून थोडीच बसली असेल. महादेवी म्हणाली, संध्याकाळी पोरगी येईल, पण ते यंत्र खोलीत नको.

त्या संध्याकाळी मंजुश्री आली, जेबा आली, येणं बंद केलेली दोघंही आली. गुलाम रसूलनं सगळ्यांचे टॅबलेट दाराशी घेतले, माझाही घेतला आणि पोथी बांधतात तसे लाल कापडात बांधून गल्ल्यावर ठेवले. मी जेबाला घेऊन थर्मोडायनॅमिक्सला सुरुवात केली. उकळत्या चहाच्या पातेल्यावरून झाकण का उडतं, तिथून.

निम्म्यात आलो असेन, तेव्हा बाहेरून गुलाम रसूलची हाक आली. गाठोड्यातल्या एका टॅबलेटचा उजेड कापडातून दिसत होता. गुलाम रसूलनं गाठ सोडली आणि डोळ्याशी भिंग धरून हळूहळू वाचलं.

“मंजुश्री, आज तुझं वाचन सुरू झालं नाही. काही अडचण आहे का?”

पोरं माझ्याकडे बघायला लागली. गुलाम रसूलनं टॅबलेट पालथा घातला, वर एक जाडजूड शब्दकोश ठेवला.

“तुम्ही शिकवा, गुरुजी,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “पण जरा हळू.”

मी खोलीचं दार लावून घेतलं.