कप्पीची कुरकुर

"डॉल्फिन चुकली? आणि ही?" पडद्यापलीकडून मॅडमचा आवाज आला. "काका, पोकळच सोडलं होतं ना?"

"पोकळच, मॅडम."

गेली बारा वर्षं दोरीवाल्या काकांचं काम एकच. पडद्याआड उभं राहून कप्पीवरून हौदात नळकांडं सोडायचं, कधी भरीव, कधी पोकळ. दिसायला दोन्ही सारखी. डोळ्यांवर रबरी झाकणं लावलेली डॉल्फिन टिकटिक करायची आणि परत येणाऱ्या आवाजावरून ओळखायची. भरीव असेल तर डावी फळी, पोकळ असेल तर उजवी. बरोबर आलं की मासा. म्हातारी झाली तरी पठ्ठी चुकत म्हणून नसे. मॅडमचा अख्खा अभ्यास तिच्या कानांवर उभा होता.

पण आज पोकळ नळकांडं सोडताना दोरी अडकली आणि कप्पी कुरकुरली. एरवी ती फक्त भरीव नळकांड्याच्या वजनानेच कुरकुरायची. आणि म्हातारीने नेमकी डावी फळी ढकलली होती.

दुपारी काकांनी डबा उघडलाच नाही. तीनदा उठले, तीनदा बसले. वय झालं की आधी कानांतून बारीक आवाज जातात, जाडेभरडे राहतात. त्यांच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. सांगावं तर मॅडमच्या मेहनतीवर पाणी. शिवाय बहिऱ्या डॉल्फिनला इथे ठेवून कोण घेणार? गप्प बसावं तर रोज मॅडमना तोंड कसं दाखवायचं?

शेवटी चरफडत उठले आणि कप्पीला चांगलं बोटभर वंगण फासलं.

पुढच्या फेरीला भरीव नळकांडं मुकाट पाण्यात उतरलं. म्हातारी टिकटिक करत राहिली. थांबली. पुन्हा टिकटिक.

"काका, सोडताय ना?"

"सोडलंय, मॅडम."

म्हातारीने उजवी फळी ढकलली, लगेच डावी, पुन्हा उजवी.

काका पडद्याबाहेर आले. प्रयोग चालू असताना ते कधीच बाहेर येत नसत. "मॅडम, तिला तो परतीचा आवाज ऐकू येत नाही हो. ती माझ्या कप्पीचं ऐकत होती."

मॅडमनी वहीची मागची पानं उलटली. "कधीपासून?"

"ते मलाही नाही सांगता येणार."

"झाकणं काढा तिची," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

काकांनी गुडघ्यावर बसून झाकणं काढली. म्हातारीने रोजच्यासारखं तोंड उघडलं. चुकलं की मासा नाही, हा नियम काकांना पाठ होता. त्यांनी बादलीतला सगळ्यात मोठा मासा उचलून तिला दिला.