राहिलेलं कडवं

मी गिटार बोलतेय. एकेकाळी माझ्या आवाजाने शेजारपाजारची झोप उडायची, पण आज जरा जवळ येऊन ऐका.

कारखान्यात मला काळा रंग दिला आणि दुकानाच्या काचेमागे टांगलं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईने कुठल्याशा हॉटेलचे ढीगभर पडदे शिवून मला मुलासाठी विकत घेतलं. बसमध्ये मला मांडीवर धरून ती काहीतरी गुणगुणत होती. तिचा आवाज माझ्या लाकडात उतरला. वाटलं, चला, चांगल्या घरी पडले.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि हेवी मेटलवर जीव टाकायचा. त्याने मला जाड तारा चढवल्या, सूर पार खाली उतरवले. खोटं कशाला बोलू, ते वाजवताना मलाही अंगात आल्यासारखं व्हायचं. पण त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या लेखी बाकी सगळं संगीत म्हणजे गुळमट पाणी. त्यांनी नियमच केला होता: सरावाला कुणी सिनेमाचं गाणं गुणगुणताना सापडला, तर अवजड अ‍ॅम्प्लिफायर त्याने एकट्याने जिना उतरवून न्यायचा. ड्रम वाजवणारा टकल्या हमखास सापडायचा. सगळे खिदळायचे. शेवटी त्याने यायचंच सोडलं.

आई कधीतरी शिलाई मशीन थांबवून म्हणायची, "राजा, माझं ते सिनेमातलं गाणं वाजव ना एकदा. मी म्हणते."

"आई, असल्या रडक्या गाण्यांसाठी नाहीये ही गिटार!"

"बरं बाबा, राहिलं. चिडू नकोस."

पुढे पुढे तो घरात आला, की ती गुणगुणताना मध्येच थांबायची. कोपऱ्यात उभी असलेली मी ते रोज बघायचे. मला फार वाईट वाटायचं.

मग आईला विसर पडू लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घराचा रस्ता, मग मुलाचा चेहरा. गाणं तेवढं शिल्लक राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाताना त्या शांत असतात. गाण्याला साथ द्या त्यांच्या."

साथ देणार कशी? त्याने ते गाणं कधी धड ऐकलंच नव्हतं. अखेर लाज गिळून त्याने टकल्याला फोन केला. तो बिचारा आला, टोमणा न मारता शेजारी बसला आणि ओळ न् ओळ शिकवून गेला. माझ्या जाड तारा निघाल्या, बारीक तारा आल्या, सूर वर चढले.

आईने पहिलं कडवं म्हटलं. मी जीव ओतून वाजले. एकदम थांबून ती म्हणाली, "छान वाजवता हो तुम्ही. माझ्या मुलाकडेही अशीच गिटार आहे."

"तो वाजवतो हे गाणं?"

"छे! त्याला नाही आवडत." तिने दाराकडे बघून आवाज खाली केला. "पुरे आता. त्याची यायची वेळ झाली. ऐकलं तर चिडेल."

"नाही चिडणार, आई."

"तुम्ही नाही ओळखत त्याला."

आता रोज संध्याकाळी तो मला मांडीवर घेतो आणि रोज ती त्याच जागी थांबते. तुमच्या घरात कुणी गुणगुणत असेल, तर ते पुरं होऊ द्या हो. मला हात असते तर जोडले असते. दुसरं कडवं टकल्याने आम्हाला शिकवलंय, पण तिच्या तोंडून ते आम्ही अजून ऐकलेलं नाही.