गाळलेली नोंद

मेट्रनबाई निवृत्त झाल्याला अकरा वर्षे लोटली होती, तरी त्यांच्या पलंगावरची चादर आजही चारही कोपऱ्यांना दुमडून अशी ताठ बसवलेली असे की वर ठेवलेला चष्मा घसरून खाली पडावा. घरात त्यांना आजी म्हणणारी नात एकटीच. मुलगा आणि सून तोंडावर आई म्हणत; पण पाठीमागे दोघेही मेट्रनबाईच म्हणत, आणि हे मेट्रनबाईंना पक्के ठाऊक होते. त्यांना त्यात वावगे वाटत नसे. अडतीस वर्षे रुग्णालयात घालवून मिळवलेले ते नाव होते. कोणी बारशाला फुकट ठेवलेले नव्हते.

त्या दिवशी सकाळी मुलाने दुकान उघडण्यापूर्वी दोन पत्रे आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. घराच्या खालीच त्याचे औषधांचे दुकान होते. एक पत्र राजधानीतल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे, नातीला प्रवेश दिल्याचे. ते येऊन दहा दिवस झाले होते, आणि या दहा दिवसांत दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाबरोबर ही बातमीही मोफत मिळत होती. दुसरे पत्र एका आडगावच्या संस्थेचे होते. तिथे कृत्रिम हातपाय कसे तयार करायचे, ते चार वर्षे शिकवत. त्यांनीही नातीला जागा देऊ केली होती. पहिल्या पत्राला आज संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर गेले नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती.

"आई, आता तूच काय ते सांग तिला," मुलगा म्हणाला. "माझं ती ऐकत नाही."

"तू काय सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात! डॉक्टरकी सोडून सुतारकी करायला निघालीय. पाय तासायचेत म्हणे तिला."

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं." मेट्रनबाईंनी दोन्ही पत्रे चष्मा लावून वाचली, घडी होती तशीच घातली. "दुपारचं आवरलं की तिला माझ्या खोलीत पाठव. आणि तुम्ही दोघांनी मध्ये लुडबुड करायची नाही."

मुलगा निश्चिंत मनाने जिना उतरला. आईला काय हवे आहे, हे त्याला चांगले माहीत होते.

मेट्रनबाईंना हवे होते ते अगदी साधे होते. या घरातले कोणीतरी पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, डॉक्टरच्या जागी उभे राहिलेले त्यांना पाहायचे होते. अडतीस वर्षे त्या डॉक्टरांच्या एक पाऊल मागे, हातात ट्रे आणि वही घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मुलगा पुढे जाईल अशी आशा होती. तो औषधांच्या कपाटापर्यंत पोचला आणि तिथेच रमला. नात मात्र हुशार निघाली.

नातीला सगळे खारू म्हणत. लहानपणी ती खिळे, चाव्या, तुटक्या बिजागऱ्या असे काय काय फ्रॉकच्या खिशात साठवून ठेवी आणि धुवायला टाकलेल्या कपड्यांतून ते सगळे खणखणत बाहेर पडे. आता अठरा वर्षांची, आजीहून वीतभर उंच झालेली ती खारू दोन वाजता दारात येऊन उभी राहिली.

"आत ये. दार लाव. खुर्चीवर नको, इथे माझ्या समोर उभी राहा."

"आजी, तू मला रागावणार आहेस का?"

"रागवायचं असतं तर बोलावून घेतलं नसतं, मीच आले असते." मेट्रनबाई पलंगाच्या कडेला ताठ बसल्या. "तू दोन्ही ठिकाणं पाहून आलीस. मला दोन्हींचा चार्ज दे."

खारूला हे नवीन नव्हते. वॉर्डात पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला प्रत्येक पलंगापाशी नेऊन रुग्णाची स्थिती सांगते, त्याला चार्ज देणे म्हणतात. मेट्रनबाईंच्या वॉर्डात त्याचे नियम कडक होते. डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगायचे. आपल्याला काय वाटले ते कोणी विचारलेले नाही. ऐकणारीने ऐकलेले सगळे जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे. त्यातली एक नोंद गाळली म्हणून मेट्रनबाईंनी आपल्या सख्ख्या भाचीला आठ दिवस कामावरून बाजूला बसवले होते. ती भाची पुढे दोन वर्षे त्यांच्याशी बोलली नाही. मेट्रनबाईंनी तेही चालवून घेतले.

"पहिलं वैद्यकीय," त्या म्हणाल्या. "बाबांबरोबर गेली होतीस ना?"

"हो. इमारत सात मजली आहे. दारात पायऱ्या अठ्ठावीस. ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं असतं. वसतिगृहाच्या एका खोलीत दोघी. खिडक्यांना जाळ्या आहेत, नळाला पाणी आहे. शवविच्छेदनाची खोली बाहेरूनच दाखवली."

"वॉर्ड?"

"एक दाखवला. एक डॉक्टर होते, मागे पंधरा-वीस विद्यार्थी. डॉक्टर छान समजावून सांगत होते. बाबांनी फोटो काढायला मोबाइल काढला, तर परिचारिकेनं हटकलं."

"रुग्ण?"

"होता. पलंगावर."

"बाई की पुरुष?"

खारूने डोळे मिटून तो पलंग आठवून पाहिला.

"लक्षात नाही, आजी."

चार्ज घेताना मध्ये शेरे मारायचे नाहीत, हा मेट्रनबाईंचाच नियम होता.

"आता दुसरं."

"तिथे एकटी गेले होते. इमारत बैठी आहे, वर पत्रे. एका भिंतीला ओल आली आहे. वसतिगृह नाही, गावात खोली बघावी लागेल. कार्यशाळेत सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ, नाकात जाते. एक वयस्क मास्तर होते, त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत. ते एका रंगाऱ्याचा पाय करत होते. शिडीवरून पडला होता तो; डावा पाय गुडघ्याखाली नाही. चाळिशीचा असेल. दाढी नुकतीच केलेली, हनुवटीला कापलं होतं. नवा पाय पहिल्यांदा लावणार होता ना, म्हणून बहुतेक—"

"बहुतेक नको."

"बरं. मास्तरांनी पाय चढवला, त्याला दोन कठड्यांमध्ये उभं केलं. तो म्हणाला, आतल्या बाजूला टोचतंय. मास्तरांनी पाय काढला, कानशीनं दोनदा घासला, परत चढवला. परत टोचलं. असं सात वेळा झालं. मी मोजलं. मास्तर एकदाही वैतागले नाहीत. चौथ्या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघताच पट्टा धरायला दिला. मग मी धरून राहिले. सातव्या वेळी तो उभा राहिला आणि काही बोललाच नाही. खाली स्वतःच्या बुटांकडे बघत होता. दोन्ही बुटांकडे. मग म्हणाला, 'या डाव्याला पॉलिश करायचं राहिलं.'"

मेट्रनबाईंचा हात चादरीच्या कडेवरून फिरला.

"झालं?"

"नाही," खारू म्हणाली. तिचा आवाज उतरला. "परतीची बस साडेचारची होती. खिडकीतून दिसत होती, फाटकाशीच उभी होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. तेव्हा सहावी वेळ चालली होती. मी गेले नाही. घरी सांगितलं, बस उशिरा आली. ते खोटं होतं. मी सातच्या बसनं आले. झालं."

आता परत म्हणून दाखवायची पाळी मेट्रनबाईंची होती.

त्यांनी सुरुवात केली आणि त्यांची स्मरणशक्ती जराही अडखळली नाही. सात मजले, अठ्ठावीस पायऱ्या, जाळ्या, नळ, हटकणारी परिचारिका. रुग्ण बाई की पुरुष, लक्षात नाही. मग बैठी इमारत, पत्रे, ओल, धूळ, नखे नसलेली दोन बोटे, हनुवटीवरची जखम, सात वेळा कानस, हातात दिलेला पट्टा, पॉलिश न केलेला बूट. "संध्याकाळी सातच्या बसनं परत," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

खारू हलली नाही.

"आजी, एक राहिलं."

"काय राहिलं?"

"तुला माहीत आहे."

"माझं कधी काही राहत नाही. अडतीस वर्षं मी चार्ज—" इथे मात्र मेट्रनबाईंचे वाक्य आपणहून तुटले.

राहिले नव्हते. त्यांना साडेचारची बस आठवत होती, फाटक आठवत होते, हॉर्न दोनदा वाजला हेही आठवत होते. ती नोंद जिभेपर्यंत आली होती आणि त्यांनी ती वळसा घालून टाळली होती. कारण दोन्ही अहवालांत सगळ्यांत वजनदार नोंद तीच होती, आणि ती त्यांच्या मनाविरुद्ध जात होती. चुकून गाळली असती, तर त्यांनी स्वतःला माफ केले असते. त्यांनी जाणूनबुजून गाळली होती. एका अठरा वर्षांच्या मुलीने समोर उभे राहून ती पकडली होती, आणि पकडूनही आवाज चढवला नव्हता.

इतकी लाज त्यांना या वयात वाटायला नको होती.

"साडेचारची बस फाटकाशी उभी होती," त्या प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाल्या. "तिला ती दिसत होती. हॉर्न दोनदा वाजला. ती गेली नाही. घरी खोटं सांगितलं." मग जरा थांबून, "मी ही नोंद मुद्दाम गाळली. आता खाली बस. पाय दुखले असतील तुझे."

खारू त्या ताठ चादरीवर अगदी कडेला बसली.

"का गाळलीस?"

"ते तुझ्या चार्जमधलं नाही. माझं आहे. ऐकायचं तर ऐक." मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "मी तिशीतही नव्हते. खिडकीजवळच्या पलंगावर एक गवंडी होता, तरणाताठा. पोटरी सुजली होती त्याची. मला ती सूज बरी दिसली नाही. मी वहीत तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, 'तुम्ही लिहा, बाई. बघायला आम्ही आहोत.' दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. माझं लिहिणं वहीत तसंच होतं, सुवाच्य अक्षरात. तेव्हापासून मला वाटत आलं, बघायचा हक्क असलेलं कोणीतरी आपल्या घरात हवं."

खारूच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "मग मी डॉक्टरच होईन, आजी. खरंच होईन. मला जमेल."

"जमेल, हे मला ठाऊक आहे. मी तुला तसं कर म्हटलं का?"

"तुला वाईट वाटेल."

"वाटेलच. आताही वाटतंय. पण माझं वाईट वाटणं माझं मी सांभाळीन. ते डोक्यावरून वाहायला मी तुला हमाल म्हणून नाही वाढवलं."

खारू रडता रडता हसली. "मग तुला काय वाटतं, तेवढं तरी सांग."

"मला वाटतं, तू डॉक्टर व्हावंस. अजूनही वाटतं." मेट्रनबाईंनी सरळ तिच्याकडे पाहिले. "पण पलंगावर बाई होती की पुरुष, हे ज्याला आठवत नाही, त्याला मी माझ्या वॉर्डात पाय ठेवू दिला नसता. आणि त्या रंगाऱ्याच्या हनुवटीवरची जखम तुला आठवते. मी एवढंच वाचू शकते. पुढचं तुझं."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. खारूने नाक पुसले, उठून आपला संगणक आणला, टेबलावर उघडला आणि बराच वेळ टाइप करत राहिली. मग म्हणाली, "बघशील का, बरोबर आहे का?"

मेट्रनबाईंनी चष्मा लावून वाकून वाचले. वैद्यकीय महाविद्यालयाला नकार होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. "हे 'क्षमस्व' काढ. क्षमा कशाची? जागा नाकारते आहेस, चोरी नाही केलीस. 'आभारी आहे' लिही. आणि पाचची वाट बघू नकोस, आत्ताच पाठव. यादीत तुझ्या खाली कोणीतरी डोळे लावून बसलं असेल."

साडेतीन वाजले होते. खारूने उत्तर पाठवले. मग संस्थेला होकार कळवला.

"आता बाबांना मी सांगते," ती संगणक मिटत म्हणाली.

"तू इथेच थांब."

गुडघ्यांमुळे मेट्रनबाई गेले काही महिने जिना उतरल्या नव्हत्या. आज त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. मुलगा गोळ्यांची पाकिटे कपाटात लावत होता. आईला पाहून तो लगबगीने स्टूल घेऊन पुढे आला.

"तू कशाला उतरलीस? मला हाक मारायची. पाठवलं का तिनं?"

"पाठवलं. नकार पाठवला. ती संस्थेत जाणार आहे."

मुलाच्या हातातले स्टूल तसेच राहिले. "तू सांगितलंस तिला असं?"

"नाही. तिनं डॉक्टर व्हावं असं मला वाटतं, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं नाही." मेट्रनबाईंनी श्वास घेतला. "तिचं बरोबर आहे."

सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हे शेवटचे वाक्य त्याने आईच्या तोंडून कधी ऐकले नव्हते; स्वतःबद्दल तर नाहीच, दुसऱ्या कोणाबद्दलही नाही. त्याने स्टूल आईपाशी ठेवले आणि तो काउंटरवर हात टेकून उभा राहिला.

"मला वाटलं होतं, आई..."

"मलाही वाटलं होतं. तिला आज काही बोलायचं नाही. जे बोलायचं असेल ते मला बोल."

"तुला मी काय बोलणार?"

"तेच तर," मेट्रनबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. लगेच जिना चढणे त्यांना शक्य नव्हते.

तेवढ्यात कडेवर मूल घेऊन एक बाई दुकानात आली. मेट्रनबाईंच्या मुलाने तिच्या हातातली चिठ्ठी घेतली, औषध काढले, बाटलीवर खूण केली. "हे दिवसातून दोनदा," तो सांगू लागला, "एक चमचा, सकाळी आणि..." त्याचा आवाज एकाएकी चिरकला आणि तो बाटलीकडे पाहत तसाच उभा राहिला. बाई गोंधळून त्याच्याकडे बघू लागली.

"संध्याकाळी," मेट्रनबाईंनी काउंटरवरची चिठ्ठी वाचून, स्टुलावर ताठ बसूनच वाक्य पूर्ण केले. "जेवणानंतर. आणि बाटली आधी हलवून घ्यायची."