‘म’साठी ओठ मिटावे लागतात

मंगळवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी अण्णांनी हाक मारली. मुलीला ते कळलं संध्याकाळी साडेसातला, एका पँटची कंबर उसवताना.

ती कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत अल्टरेशन करायची. दुपारी कामावर जाताना जुना फोन रेकॉर्डिंगला लावून वडिलांच्या उशीशी ठेवायची आणि संध्याकाळी घरी आणलेलं काम करताना एका कानात तेच रेकॉर्डिंग ऐकायची. एकोणीस दिवस पंख्याचा आवाज ऐकला. अण्णांचा श्वास ऐकला. तीन वाजता डोकावणाऱ्या खालच्या काकू ऐकल्या. “अण्णा, बरं आहे ना? बरं आहे,” असं त्या स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देऊन जात. विसाव्या दिवशी त्या आवाजांमध्ये अगदी स्पष्ट, जरासं लांबवलेलं, “माऊ.”

सुई बोटात गेली. तिने रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

माऊ म्हणजे तीच. तान्ही असताना झोपेत कूं-कूं करायची, पाय झाडायची, म्हणून अण्णांनी ठेवलेलं नाव. आता ती बेचाळीस वर्षांची होती आणि या नावाने हाक मारणारा माणूस एकच उरला होता. नऊ वर्षांपूर्वी घरात मांजर आलं तेव्हा अण्णांनी बजावलं होतं, “घरात एक माऊ पुरे. हिला बाई म्हणा.” मांजराचं नाव बाई पडलं.

अण्णा एकतीस वर्षं बसस्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे गावाने त्यांच्याच आवाजात ऐकलं होतं. घरी जेवण वाढलं की ते त्याच आवाजात सांगायचे, “प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात.” आठ महिन्यांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंड किंचित उघडं राहायचं. उजव्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती माऊ दिवसातून तीसदा टिपायची.

दर गुरुवारी स्पीचवाल्या मॅडम येत. मागच्या खेपेला त्यांनी सरळ सांगितलं होतं. पुढच्या गुरुवारपर्यंत अण्णांचा स्वतःचा एक तरी शब्द आला नाही, तर फाईल बंद. फाईल बंद झाली की दादा अण्णांना नेणार होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, चार तासांवर राहणारा. त्याच्या गावातल्या शुश्रूषा केंद्रात एक तारखेपासून एक खाट मिळत होती.

“तिथे नर्स आहे, पलंगाला कठडे आहेत,” तो फोनवर म्हणाला होता. “आणि तू पण माणूस आहेस की नाही?”

“एकदा बोलू दे त्यांना. मग बघू,” ती म्हणाली होती.

गुरुवारी मॅडमनी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून.

“‘म’ स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “‘म’साठी ओठ मिटावे लागतात. आठ महिने मी तेवढंच मागतेय यांच्याकडे.”

अण्णांनी डाव्या हाताने गादीवर थाप मारली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“बघा, कळतंय त्यांना. आनंद झालाय,” मॅडम म्हणाल्या आणि फाईलवर आणखी सहा आठवडे लिहिले.

रविवारी दादा आला. अण्णांच्या पायाशी बसून त्याने स्वतः ऐकलं. मग तिथूनच केंद्रात फोन लावून सांगितलं की खाट नको, वडील बोलायला लागलेत, दुसऱ्या कुणाला द्या. फोन ठेवून तो अण्णांवर वाकला. “हिला हाक मारलीत. मी काय सावत्र आहे?”

अण्णांनी गादीवर थाप मारली. मग आणखी एक.

“हात चालतोय अजून,” दादा हसला. “माझ्या पाठीला ओळखीचा आहे तो.”

निघताना दारात बुटाची नाडी बांधायला तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. नाडी कधीच बांधून झाली होती.

सोमवारच्या रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा एक हाक होती. मंगळवारी दोन. दुकानात सगळ्यांना कळलं. कटिंगमास्तर म्हणाले, “आता त्यांना विचारून ठेव, माझी बस कुठल्या फलाटावर लागते ते. तीन वर्षं चुकतेय.”

माऊ हसली. बऱ्याच दिवसांनी तिने दुकानातल्या आरशात स्वतःकडे पाहिलं.

बुधवारी दुकानातल्या वाफेच्या इस्त्रीचा बॉयलर बंद पडला आणि पावणेदोनलाच सुट्टी झाली. घरी आल्यावर तिने हात धुतले, पलंगाशी स्टूल ओढलं.

“अण्णा, आज समोर म्हणा. फोन नको, काही नको.”

अण्णा जागे होते. तिच्याकडेच पाहत होते. पायाशी, चादरीच्या घडीत, बाई अंगाचं वेटोळं करून झोपली होती. दोन वाजले. सव्वादोन. बाईच्या मिशा हलल्या. मग पुढचे दोन्ही पंजे हलू लागले, पळत असल्यासारखे, जागच्या जागी. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरत होती. दात आपटल्याचा बारीक कटकट आवाज आला, पोटात एक उचकी उठली आणि बंद तोंडातून आवाज निघाला. शेवटी तोंड जरासं उघडलं तसा तो पुरा झाला.

“माऊ.”

मुलगी अण्णांच्या तोंडाकडे पाहत होती. ओठ उघडे होते. आधीही उघडे होते, नंतरही.

आणखी एकदा व्हावं म्हणून ती अर्धा तास थांबली. आणखी एकदा झालं. या वेळी तिने अण्णांच्या ओठांवर बोट ठेवलं होतं.

मग तिला त्या थापा आठवल्या. मॅडमसमोरची एक. दादासमोरच्या दोन. ती रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग त्यांच्या कानाशी धरून “बघा, किती छान म्हणालात,” म्हणायची, तेव्हाची प्रत्येक.

“तुम्ही सांगत होतात ना, मी नाही म्हणून,” ती म्हणाली.

हात गादीवर तसाच पडून राहिला. अण्णांचा उजवा डोळा झटक्यापासून पाझरतच असतो. त्यावरून काही सांगता येत नाही. पण डावाही ओला होता.

गुरुवारी मॅडमनी आरसा आणला. अण्णांसमोर धरून त्या म्हणाल्या, “चला, ‘म’. त्या दिवशी म्हणालात तसं.”

अण्णांनी प्रयत्न केला. हनुवटी थरथरली, मानेच्या शिरा ताठल्या, कपाळावर घाम आला. खालचा ओठ थोडा वर आला आणि पडला.

“घाबरू नका. जमलंय तुम्हाला एकदा. पुन्हा.”

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं तेव्हा घशातून नुसती हवा आली.

“मॅडम, पुरे,” माऊ म्हणाली. “ते मांजर होतं.”

“काय?”

“ती झोपेत आवाज काढते. यांच्या पायाशी झोपते.”

“मला या घरात मांजर कधी दिसलं नाही.”

“परकं माणूस आलं की खिडकीबाहेर जाते.”

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी आरसा पुसला, पिशवीत ठेवला आणि सहा आठवड्यांवर सरळ रेघ ओढली. जाताना अण्णांना म्हणाल्या, “तुमची काही चूक नाही हं.” हे त्यांनी मोठ्याने म्हटलं, बहिऱ्याशी बोलावं तसं.

तिने दादाला फोन करून सांगितलं.

“म्हणजे अण्णा एकदाही...”

“एकदाही नाही.”

“मी इथे सगळ्यांना सांगून बसलोय गं,” तो म्हणाला. “तुला मांजराचा आवाज कळला नाही?”

ती खाट गेली होती. दुसरी मिळाली ती आणखी लांबच्या केंद्रात, बावीस तारखेपासून. मांजर आणायचं नाही, असं दादाने न विचारता सांगितलं.

शनिवारी सकाळी माऊ शिलाई मशीनच्या फळीवर केंद्राचा फॉर्म भरत होती. रुग्ण स्वतः जेवतो का. रुग्ण कूस बदलतो का. तिच्यामागे अण्णा जागे होते, त्यांच्या पायाशी बाईचे पंजे पळू लागले होते. रुग्ण बोलतो का.

“माऊ.”

“ओ,” ती फॉर्मवरून डोकं न उचलता म्हणाली.

अण्णांनी डाव्या हाताने गादीवर थाप मारली.