मुदतीआधी फिटलेलं कर्ज

जेवता जेवता तो पुन्हा झोपला. घास ताटातच, पाठ भिंतीला, तोंड अर्धवट उघडं. तिनं हलकेच ताट बाजूला केलं आणि ओल्या फडक्यानं त्याची बोटं पुसली. वंगणाचं काळं पेरांत असं मुरलं होतं की साबणालाही दाद देत नसे.

चार वर्षांची भिंगरी तिच्या कानाशी लागली. "आई, बाबा आजारी आहेत?"

"नाही गं. दमलेत."

"रोजच?"

तिनं भिंगरीला जवळ घेऊन घास भरवला.

तो लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर कंपनीचं काम आणि संध्याकाळपासून एका कंत्राटदाराकडे तातडीच्या दुरुस्त्या. कुठं लिफ्ट अडकली की याला फोन. सगळा आटापिटा या दोन खोल्यांसाठी. त्याच्या वडिलांचा जन्म भाड्याच्या घरात गेला. एकदा घरमालकानं त्यांची भांडीकुंडी जिन्यात आणून टाकली होती, आणि शाळेतून परतताना ते त्यानं पाहिलं होतं. म्हणून कर्ज मंजूर झालं त्याच दिवशी त्यानं आईला शब्द दिला, हे ओझं निम्म्या वेळात उतरवीन. तेव्हापासून उरलासुरला पैसा हप्त्यामागोमाग बँकेत जायचा. घरात खुर्ची एकच. दोन पाहुणे आले, तर एकाला खिडकीतून बाहेरचं दाखवत उभं ठेवावं लागे.

तिच्याही हातात कसब होतं. लग्नाआधी ती कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये होती. मेणात दात बसवायचे, हिरडीला आकार द्यायचा, शेजारच्या दाताशी रंग जुळवायचा. पण लग्न ठरतानाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या घरातल्या सुना दुसऱ्याच्या हाताखाली राबायला जात नाहीत." त्यात हुकूम नव्हता, अभिमान होता. म्हणून तर त्यापुढे बोलता येईना.

तो दचकून जागा झाला, तेव्हा तिनं धीर केला. "अहो, बाजारात लॅबच्या बाई भेटल्या होत्या. अर्धा दिवस तरी ये म्हणतात. भिंगरी शाळेत असते तेवढ्या वेळात जाऊन येईन. तुमचं संध्याकाळचं काम तरी सुटेल."

"का? माझे हातपाय अजून धड आहेत."

आतून सासूबाई म्हणाल्या, "बायकोच्या कमाईवर घर सोडवलं म्हणतील लोक. जन्मभर ऐकून घ्यावं लागेल त्याला."

"लोक आपला हप्ता भरतात का, आई?" तिनं विचारलं.

तेवढ्यात कंत्राटदाराचा फोन आला. बूट चढवताना तो आवाज उतरवून म्हणाला, "थोडी कळ काढ गं. संपतच आलंय. मग बघ, सुट्टीच्या दिवशी भिंगरीला पोटावर घेऊन दुपारभर लोळत पडेन." तो हसला, म्हणून तीही हसली. आणि विषय तिथंच राहिला.

त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, कंपनीची दोन माणसं दाराशी आली. त्यांतला तरुण मेकॅनिक तिच्याकडे पाहीना. तिचा नवरा लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं, आणि लिफ्ट खाली आली.

"वहिनी, आधी मेन स्विच पाडायचा, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं," तो पोरगा हुंदके देत म्हणाला. "ते विसरले कसे, तेच कळत नाही."

"विसरले नसतील," ती म्हणाली. "अर्धवट झोपेतच उतरले असतील."

घर माणसांनी भरलं. पुढं बँकेचा माणूस येऊन गेला. कर्जाबरोबर विमा उतरवलेला होता, त्यातून उरलेली सगळी रक्कम फिटणार होती. तेराव्याला चुलत सासरे जमलेल्यांना म्हणाले, "पोरानं शब्द पाळला. मुदतीआधी घर सोडवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

धाकटा दीर पुढं सरकला. छापखान्यात कामाला होता, मनाचा निर्मळ. "वहिनी, तुम्ही कसली काळजी करू नका. मी रात्रपाळीही धरतो. दोन्ही घरं चालवीन. तुम्हाला उंबरा ओलांडायची वेळ येऊ देणार नाही."

दाराशी त्याची बायको तान्ह्याला घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला, तिनं तान्ह्याला छातीशी घट्ट धरलं. तिच्या मनातलं थोरल्या जावेनं बरोबर ओळखलं.

"नाही, भाऊजी," ती म्हणाली. "घर त्यांनी नाही सोडवलं, त्यांच्या जिवानं सुटलं. माझे दोन हात घरात बांधून ठेवले आणि त्यांच्या दोन हातांवर चार माणसं लादली. त्याला तुम्ही अब्रू म्हणता. ही अब्रू मला नको, आणि तुमच्या बायकोच्याही वाट्याला नको. मी कामाला जाणार."

"सूनबाई, मोठ्यांसमोर..." चुलत सासरे उठू लागले.

"बोलू द्या तिला," सासूबाई म्हणाल्या. इतके दिवस त्यांनी मान वर केली नव्हती.

ती दिवसभरासाठी लॅबमध्ये जाऊ लागली. पहिल्या दिवशी मेण टेबलावर सांडलं. बाईंनी मेणाचा दुसरा तुकडा पुढं ठेवला. दुपारी भिंगरीला शाळेतून सासूबाई आणायच्या.

एका संध्याकाळी ती जिना चढत होती, तेव्हा वरून शेजारणीचा आवाज आला. "सूनबाई दिसत नाही?"

"कामाला गेलीये," सासूबाई म्हणाल्या. "आधीच जाणार होती ती. मीच आड आले."

ती कठड्याला धरून उभी राहिली. वर जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं, की हे तेव्हाच का नाही म्हणालात म्हणून भांडावं, तिला कळेना. मग पायऱ्यांवरच बसून ती पोटभर रडली. अपघातानंतर पहिल्यांदाच.

अशी घरं पुष्कळ आहेत. तिथं एक माणूस बसल्या जागी झोपतो, आणि शेजारी दोन कर्ते हात नुसते घडी घालून ठेवलेले असतात. तो माणूस आज संध्याकाळी घरी येईल. त्याच्याशी बोलायला अजून वेळ आहे.