तोंड फिरवून दिलेला शाप

ज्यूंच्या प्रार्थनामंदिरासाठी चर्मपत्रावर तोरा हा धर्मग्रंथ हाताने लिहून काढण्याचे काम त्या घराण्यात तीन पिढ्या चालत आले होते. धाकटा भाऊ लिही. थोरली बहीण, बालपणी तापात ऐकणे गेलेली, दाभणाने पानावर रेघा आखी. तिच्या रेघेवाचून त्याचे अक्षर उभे राहत नसे.

त्या सकाळी तिने नवे पान उलट्या बाजूने आखले. तो पाठीमागून "थांब, थांब" म्हणाला. ते तिला ऐकू कसे यावे? पान वाया गेले. कोरी पाने विकायला आलेला चर्मपत्रवाला समोरच बसला होता. बहीण ओठ वाचते म्हणून लेखनिकाने खिडकीकडे तोंड फिरवले आणि म्हणाला, "ही बहिरी मरेल, तेव्हाच माझे हात मोकळे होतील." चर्मपत्रवाला खो-खो हसला.

दुपारी लिहिता लिहिता तो नेमका त्या आज्ञेपाशी येऊन ठेपला : बहिऱ्याला शाप देऊ नये. दंडक असा, की प्रत्येक शब्द आधी मुखाने उच्चारावा, मगच लेखणी टेकवावी. समोर बहीण लेखणीसाठी पीस तासत होती. ते शब्द तिलाही पाठ होते, आणि तिची नजर नेहमीप्रमाणे त्याच्या ओठांवर होती.

त्याने ते उच्चारायला तोंड उघडले. नकळत मान खिडकीकडे वळली, आणि सकाळीही ती अशीच वळली होती हे ध्यानात येताच त्याने लेखणी खाली ठेवली. उठून तो तिच्यासमोर बसला. सकाळचे शब्द, एकही न गाळता, त्याने तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा उच्चारले.

तिने हातातले पीस बाजूला ठेवले. मग आपल्या जाड, एकसुरी आवाजात म्हणाली, "म्हणून हसला होय तो मेला! मला वाटलं, तोंडाला शाई लागलीये. दोनदा धुऊन आले रे मी."

"ताई, चुकलो. माफ कर."

"शाप दिलास त्याच्यासमोर, अन् माफी कोपऱ्यात? वा रे शहाण्या! चपला घाल."

"आत्ता? त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं असतील."

"असू देत की. मला थोडाच त्यांचा गलबला ऐकू येणार आहे?"

दुकानात खरेच पाच-सहा माणसे उभी होती. "या हो लेखनिक! आणखी एक पान लागणार वाटतं?" चर्मपत्रवाला म्हणाला.

लेखनिक बहिणीला ओठ नीट दिसतील असा उजेडाकडे तोंड करून उभा राहिला आणि अडखळत बोलू लागला. पण ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. चर्मपत्रवाला आता हसतो की नाही, एवढेच ती पाहत होती.