गट नंबर एकशे बाराचा पंचनामा

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला सटाण्यातल्या एका मंगल कार्यालयात बाह्यवळण रस्त्याची सुनावणी सुरू झाली, आणि बारा वाजायच्या आत निवृत्ती आप्पा दोनशे माणसांसमोर खोटं बोलले. खोटं एका शब्दाचंच होतं.

रस्ता अकरा वर्षं कागदावर होता. गावातून धडधडत जाणारे ट्रक बाहेरून जावेत, हे सगळ्यांनाच हवं होतं. पण कुणाच्या रानातून, यावर हरकतींचा ढीग पडला आणि अखेर आखणीचा फेरविचार करायचं ठरलं. जिथे विहीर किंवा घर असेल तिथे रेषा सरकवता येते का ते बघू, असं नाशिकहून आलेल्या भूसंपादनाच्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं.

ते ऐकून सिंधुबाई उठल्या. आप्पांच्या गावच्याच. नवऱ्यामागे, आखणीच्या रेषेत आलेलं दीड एकर एकटीनं कसणारी बाई, मोजकं बोलणारी.

"मनी विहीर शे तठे. सासऱ्यांनी खणलेली. तुमच्या नकाशात नाय."

मॅडमनी फाइल उघडली. "गट नंबर एकशे बारा. पंचनाम्यात लिहिलंय, जमीन पडीक, विहीर नाही, झाड नाही. विहीर नंतर खोदलीत का, बाई? आखणी जाहीर झाल्यावर मोबदल्यासाठी असं बरेच जण करतात."

मागून कुणीतरी बोललं, "किती परस खोल खणल्यावर लागला मोबदला, वहिनी?" रांगाच्या रांगा हसल्या.

"मी खोटं नाय बोलत," सिंधुबाई म्हणाल्या. पदर सारखा करायला गेलेला त्यांचा हात तिथेच राहिला.

"पंच तुमच्याच गावचे आहेत. तिघांपैकी दोघे वारलेत. निवृत्ती कोण? आलेत का?"

आप्पा उभे राहिले. सिंधुबाई वळल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. आप्पांना त्या जिभाऊ म्हणत; जिभाऊ आहेत म्हटल्यावर आता काय काळजी.

"जागेवर जाऊन पाहिलं होतं ना, काका?"

"गेलतो," आप्पा म्हणाले, आणि खाली बसले.

गेले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी, पंचनाम्याच्या दिवशी, त्यांचा कांद्याचा ट्रॅक्टर नामपूरच्या बाजारात उभा होता आणि लिलाव सुरू व्हायला आला होता. मोजणीची जीप पाराजवळ थांबली. रानापर्यंत चालायला अर्धा तास, यायला अर्धा तास. कागदावर पेन्सिलीनं फुली केली होती, तिथे आप्पांनी बॉनेटवरच सही ठोकली. त्यांची सही बघून दुसऱ्या पंचानं, पुंजानं, केली; पुंजाची बघून तिसऱ्यानं, त्याच्या चुलत्यानं. पंच म्हणून बोलावणं हा मान होता. कागद वाचायला मागणारा माणूस गावात भांडखोर ठरे.

विहीर त्यांना माहीत नव्हती असंही नाही. ज्या उन्हाळ्यात त्यांची बोअर आटली, त्या उन्हाळ्यात त्यांची डाळिंबाची दोनशे झाडं त्याच विहिरीवर तगली होती.

आप्पा घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्यांच्या बायकोनं, कुसाबाईंनी, ताट वाढलं आणि समोरच बसल्या.

"दोनशे झाडं जगाडी तिनी. तुमले ती विहीर दिसनी नही?"

"एवढ्या माणसांत कसं सांगणार?"

"एवढ्या माणसांतच तिले खोटी पाडी ना?"



बुधवारी ते सिंधुबाईंकडे गेले. त्यांनी खाट टाकली आणि पाण्याचा तांब्या ठेवला. मग स्वतःच म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली, जिभाऊ. विसरले असाल तुम्ही."

हे मात्र आप्पांना सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर मान खाली घालून ऐकून घेता आलं असतं.

"विसरलो नाय. मी गेलोच नव्हतो."

सिंधुबाई म्हणाल्या, "हे मला कशाला सांगता? विहिरीवर मी रोज जाते. जिथं माणसं हसली, तिथं सांगा."

गुरुवारी आप्पांनी सटाण्याला जाऊन जबाब लिहून दिला. लिहून घेणारा कारकून मध्येच थांबला. "काका, यात तुमच्यावरच गुन्हा येऊ शकतो. 'आता नीट आठवत नाही' असं लिहू का?"

"आठवतंय ते लिहा. आणि परवा सुनावणीत खोटं बोललो, तेही."

कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. आप्पा बाहेर आले तर गावातली चार माणसं कांद्याच्या पिकअपला टेकून उभी होती. नेहमी 'चला आप्पा, बसा' म्हणणारी. विहिरीसाठी रेषा सरकली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी रानात जाणार, हे त्यांना कळत होतं; आज कुणी बसा म्हटलं नाही. आप्पा एसटीनं आले.

आखणीचा निर्णय झालेला नाही. कागदोपत्री गट एकशे बारामध्ये अजून विहीर नाही. सोमवारी नव्यानं पाहणी होणार असून त्यासाठी गावातून दोन पंच हवे आहेत. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत एकच नाव आलं होतं, कुसाबाईंचं. चुकलेल्या पंचाची बायको पंच म्हणून चालते का, ते विचारून सांगतो, असं ग्रामसेवक म्हणाला आहे.